‘बोळ’ कोणता? आणि शाई ‘पक्की’ की ‘टिकाऊ’?

अनुवादिका:
जैन पोथ्यांच्या लेखनकलेवरचा गुजराती लेख मराठीत आणते आहे. त्यात लहिया, म्हणजे पोथ्या लिहून काढणाऱ्या लोकांत चालत आलेला शाईचा दोहा आहे. जेवढं काजळ तेवढा बोळ, त्याच्या दुप्पट गुंद, वर भांगऱ्याचा रस पडला तर अक्षराअक्षरात दिवा पेटतो. गुंद म्हणजे डिंक, भांगरा म्हणजे आपला माका, इथवर ठीक. ‘बोळ’ला मी ‘काळा बोळ’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘डिंक’ केलं, म्हणजे एका ओळीत दोनदा डिंक! शिवाय ‘शाई पक्की होते’ मधल्या ‘पक्की’खाली रेघ. ‘टिकाऊ’ लिहा म्हणाले. टिकाऊ म्हटलं की मला चप्पल डोळ्यांपुढे येते.

देवरुखकर:
ताई, काळा बोळ नकोच. तो कोरफडीचा आटवून वाळवलेला रस, तान्ह्याच्या पोटावर लेप घालतात तो. शाईत हवा तो हिराबोळ, बाळंतिणीला देतात तो. झाडाचा चीक वाळून खडे होतात. माझ्या आईच्या डब्यात दोन्ही पुरचुंड्या शेजारी असायच्या. मी एकदा ओळखायला चुकलो आणि जिभेवर काळा बोळ ठेवला. दिवसभर कडू तोंड.

बडोदेकर:
हिराबोळच. आमच्याकडे गुजरातीत नुसतं ‘बोळ’ म्हटलं तरी तोच समजतात.

गोदाकाठ:
बोळावर इतका काथ्याकूट, पण ‘शाई’वर कुणाचाच आक्षेप नाही? मूळ फारसी ‘सियाही’, म्हणजे काळेपणा. ‘लाल शाई’ म्हणजे तांबडं काळं! आपल्याकडे मसी हा शब्द होता. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनावरच आहे, ‘वाटोळें सरळें मोकळें । वोतलें मसीचें काळें’. प्राचीन पोथ्यांवरच्या लेखात तरी मसी लिहावं.

बडोदेकर:
मग दौतही काढा, कलम काढा, कागदही काढा. सगळे बाहेरून आलेले. उरेल ती लेखणी, आणि ती बुडवायची कशात? शब्द घरात राहिला की घरचा होतो. ‘लाल शाई’ ऐकून कुणाचाच गोंधळ होत नाही.

रानवारा:
मसी मेलेला नाही हो. आमच्या आजीच्या तोंडी ‘मस’ होता. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला मस धरते, ती राखेने घासायची. पण दौतीतली ती शाईच. कन्नडमध्ये मसि आणि मल्याळममध्ये मषि अजून शाईलाच म्हणतात. एकच शब्द तिकडे दौतीत राहिला, आमच्याकडे पातेल्याखाली गेला.

गोदाकाठ:
तो दौतीत परत आणता येईल, एवढंच माझं म्हणणं.

सातारकर:
मूळ प्रश्नातल्या ‘पक्की’कडे येतो, कारण तो शब्द जावा असं मला मुळीच वाटत नाही. माझे आजोबा घरी शाई करायचे. तिळाच्या तेलाचा दिवा, वर पालथं परळ. जमलेली काजळी पिसाने उतरवायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलायची. सगळं मर्म घोटण्यात. दिवसचे दिवस घोटायचे. कमी घोटली तर काजळी दौतीच्या तळाशी बसते आणि वर नुसतं काळपट पाणी. डिंक कमी पडला तर वाळल्यावरही अक्षर बोटाला लागतं, जास्त झाला तर पावसाळ्यात पानाला पान चिकटतं. पोथीच्या पानांवर गुलाल भुरभुरायचे तो यासाठीच.

ही शाई उन्हाने उडत नाही, वयाने फिकी होत नाही. काजळी म्हणजे कोळसाच, तिचं आणखी काय बिघडणार? पण ती कागदावर बसते, आत मुरत नाही. ओला हात लागला की पुसते. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई याच्या उलट. लिहिताना फिकट, हवेने काळी होते, कागदात शिरते, पाण्याला दाद देत नाही. मात्र वर्षांनी तपकिरी पडते आणि कागद खाते, अक्षराच्या जागी भोकं उरतात. आता यांतली पक्की कोणती? आजोबा म्हणायचे, काजळीची काळाला पक्की, पाण्याला कच्ची. ‘टिकाऊ’ला असं ‘कशाला’ जोडता येत नाही. म्हणून ‘पक्की’च ठेवा, पण कशाला पक्की ते लिहा.

देवरुखकर:
‘कागद खाते’ फार नेमकं आहे. ‘गंजते’पेक्षा बरं.

गोदाकाठ:
‘पक्का’ रंगाला म्हणतात, कापडाच्या. शाईला तो रंगाऱ्यांकडून उसना आलाय.

रानवारा:
उसना कशाला? परीट बिबव्याने कपड्यावर खूण करायचे ना! बिबव्याच्या तेलात चुना मिसळला की काळी रेघ, कितीही धुतलं तरी जात नाही. तीही शाईच झाली, आणि पक्की.

बडोदेकर:
मतदानाची शाई विसरलात. सिल्व्हर नायट्रेटची, म्हैसूरच्या कारखान्यातली, 1962 पासूनची. ती तर नखाबरोबर वाढून जाते.

अनुवादिका:
हिराबोळ लिहिला. पण संपादक विचारतायत, दोह्यात पाण्याचा उल्लेखच नाही, मग ‘काळाला पक्की, पाण्याला कच्ची’ हे मी पदरचं घालते आहे का?

रानवारा:
काल झोपताना सुचलं. मशेरीतला ‘मश’ हा मसीचाच असेल का? तंबाखू भाजून काळीच करतात.

गोदाकाठ:
नाही. ती मिस्सी, दातांना लावायची. पुन्हा फारसीच.

रानवारा:
आमच्याकडे मिस्सी कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही. मावशीला विचारून सांगते.