बाबांच्या वर्षश्राद्धाची देणगी: कोणत्या संस्थेला द्यावी?

तिरफळ
पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध. जेवणावळ न घालता ते पैसे आपत्तीग्रस्तांना द्यायचं आम्हा भावंडांनी ठरवलंय. मी ठाण्यात, दादा इंग्लंडात लेस्टरला. बाबा वारकरी होते, त्यामुळे देवाचं नाव घेऊन काम करणारी संस्था आईला हवी. देव कुठला, याबद्दल तिचं काही म्हणणं नाही. काकांचं आहे! "मदतीच्या पोत्याआडून धर्म वाटतात" हे त्यांचं पालुपद. दादा खालसा एड ही शीख मदतसंस्था म्हणतोय. कुणाला अनुभव? घरात चांगले कपडेही बरेच आहेत, तेही देता येतील का?

घाटावरचा
कपडे नकोत. १९९३ च्या भूकंपानंतर आमची कॉलेजची तुकडी किल्लारीला गेली होती. ट्रकमधून आलेल्या साड्या-पँटी निवडण्यातच दोन दिवस गेले. एका गठ्ठ्यात लग्नातला कोट निघाला! लोक विचारत होते पत्र्यांचं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही रस्त्याकडेला असेच ढीग पडले होते.

खालसा एडला माझा पाठिंबा आहे. १९९९ साली कोसोवोच्या निर्वासितांसाठी रवी सिंग यांनी ती सुरू केली. २०१४ मध्ये इंग्लंडातल्याच सॉमरसेटला पूर आला तेव्हाही हे लोक हजर होते. ज्यांच्या घरी लंगरची सवय, त्यांना पंगती उठवायला शिकवावं लागत नाही. पण शिजवलेलं अन्न पहिले काही दिवस. घर पुन्हा उभं राहायला वर्षं जातात, तिथे कोण थांबतं हे बघा.

सांजवारा
थांबणाऱ्यांवरून आठवलं. मी तेव्हा नोकरीनिमित्त मनिलात होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळाने फिलिपिन्समधलं टॅक्लोबान शहर झोपवलं. तिथे तैवानची त्झू ची ही बौद्ध संस्था आली. भिक्षुणी चेंग येन यांनी १९६६ साली हुआलिएनमध्ये ती सुरू केली, ती तीस गृहिणींच्या बळावर. बाजाराला निघताना त्या रोज अर्धा तैवानी डॉलर बांबूच्या नळकांड्यात टाकायच्या.

टॅक्लोबानमध्ये त्यांनी नुसती पाकिटं वाटली नाहीत. तिथल्या लोकांना त्यांच्याच गल्लीतला राडारोडा उपसायचे रोज ५०० पेसो दिले. आपली रोजगार हमीच म्हणा ना! लोकांच्या हातात रोख आली आणि रस्ते मोकळे झाले. गाव बहुतेक सगळं कॅथलिक, पैसे देणारे बौद्ध. काकांना हे सांगा.

घाटावरचा
+१. दुष्काळी कामांवर खडी फोडलेल्या आमच्या आजीला हे लगेच पटलं असतं.

चष्मेवाला
काकांची शंका अगदीच चूक नाही, असे प्रकार होतात. म्हणूनच १९९४ ची रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची आचारसंहिता आहे. मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटायला करायचा नाही, हे तिचं तिसरं कलम. ती तयार करणाऱ्यांत कॅरिटास आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन होते, म्हणजे चर्चचीच माणसं. सही केली म्हणून पाळतातच असं नाही, पण संस्थेला जाब विचारायला आधार मिळतो.

आता पैशाचं. दादाने तिकडच्या तिकडेच द्यावेत. तो तिथे कर भरत असेल तर तिथल्या गिफ्ट एड या करसवलतीच्या योजनेमुळे १०० पौंडांचे संस्थेला १२५ मिळतात. परदेशी नागरिकाचे पैसे इथल्या संस्थेला द्यायचे तर एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचं लफडं. तू इथे देणार असशील तर रामकृष्ण मिशन बघ. मे १८९७ मध्ये मिशन स्थापन झालं आणि त्याच महिन्यात स्वामी अखंडानंदांनी मुर्शिदाबादच्या दुष्काळात काम सुरू केलं. देणगीवर करसवलत (८०जी) हवी असेल तर २००० रुपयांच्या वर रोख देऊ नकोस.

अवांतर: फोटोत देणाऱ्यांचेच चेहरे ठळक दिसले की मी पुढे सरकतो.

तिरफळ
सगळ्यांना धन्यवाद. दादा खालसा एडला देतोय, माझा वाटा मिशनला. आईने कालपासून साखरेच्या रिकाम्या डब्यात रोज दहा रुपये टाकायला सुरुवात केली आहे. काका अजून गप्प आहेत.

घाटावरचा, बाबांचाही लग्नातला कोट गठ्ठ्यात बांधलेला होता. काढून ठेवला.