पिंपळाच्या फांद्या छाटायच्या की वटवाघळांना राहू द्यायचं?

येऊरपायथा (धागाकर्ती):
आमची सोसायटी ठाण्यात, येऊरच्या पायथ्याला. कुंपणालगतच्या जुन्या पिंपळावर वटवाघळं लटकतात. रविवारच्या सभेत सगळ्या फांद्या छाटायचा ठराव आला. कारणं दोन: गाड्यांवर शिटतात, आणि वटवाघळांतून येणाऱ्या निपाह विषाणूची भीती. विरोधात माझा एकटीचाच हात वर होता. ही उंबर, जांभूळ, जंगली बदाम खाणारी वटवाघळं. गर चावून रस पितात, चोथा थुंकतात, आणि बी लांब नेऊन टाकतात. एप्रिल २०२३ पर्यंत वन्यजीव कायद्याने ती उंदरांसोबत 'उपद्रवी' यादीत होती. आता दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित आहेत. मला ती हवी आहेत.

तळमजला_बी:
ताई, तुम्ही कितव्या मजल्यावर? आमच्या खिडकीखाली रोज सकाळी अर्धवट खाल्लेले बदाम नि विष्ठा. बाबांना दमा आहे, वासामुळे खिडकी बंदच असते. २०१८ साली केरळात निपाहने १७ माणसं गेली. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांतही निपाहची प्रतिपिंडं (म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण) सापडली, तीही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला. ही अफवा नाही.

येऊरपायथा:
अफवा नाहीच, दादा. गुहेतली जात वेगळी होती, पण आपल्या पिंपळावरची मोठी जातही निपाह बाळगू शकते, हे मी लपवणार नाही. वटवाघळांकडून माणसाला लागण मुख्यतः त्यांची लाळ-लघवी लागलेल्या फळांतून होते; बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून झाली. म्हणून उष्टं फळ खायचं नाही, हातमोजे घालून उचलायचं, मुलांना सांगायचं. झाड बोडकं केलं तर थवा शेजारच्या झाडावर जाईल, धोका तिथेच राहील. शिवाय मादीला वर्षाला एकच पिल्लू. ते आठवडेच्या आठवडे छातीला चिकटलेलं असतं. अशा वेळी करवत चालवली तर पिल्लं खाली पडून मरतील. एवढा थवा पुन्हा वाढायला वर्षं लागतात.

शहापूरची_वाडी:
शहरात प्रेम करणं सोपं आहे. आमच्या वाडीत पिकलेले पेरू रात्रीत संपतात. जाळी लावली तर खर्च, शिवाय त्यात वटवाघूळ अडकून मेलं की वाईटही वाटतं. चिकू मात्र आम्ही कडक असतानाच उतरवतो, त्याला त्रास कमी. पण संरक्षण द्यायचं तर नुकसानभरपाईचंही बोला.

येऊरपायथा:
हे पटलं. भरपाई मागायला मी तुमच्यासोबत आहे.

तळमजला_बी:
आणि आमची खिडकी?

येऊरपायथा:
पिल्लं उडायला लागली की महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीने फक्त तुमच्या खिडकीवरच्या दोन फांद्या. पार्किंग पलीकडे हलवू. बाकीच्या पिंपळाला हात नाही.

तळमजला_बी:
बाबांना विचारतो. वास गेला नाही तर पुढच्या सभेत मी ठरावाच्या बाजूनेच मत देईन, आधीच सांगतो.