मित्रांसोबत जुने बायकर पिक्चर बघायचेत, पहिला प्रयत्न पार आपटलाय

फटफट्या

मंडळी, मदत हवीये. आमचं पाच जणांचं टोळकं दर पंधरा दिवसांनी कोणाच्यातरी घरी जमून जुने पडीक पिक्चर बघतं. ज्याची पाळी त्याने निवडायचं आणि बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही असा नियम आहे. गेल्या वेळी माझी पाळी, तर म्हणलं साठ-सत्तरच्या दशकातले ते अमेरिकन बायकर पिक्चर काढू, म्हणजे लेदर जॅकेटं, लांबच लांब फोर्कवाले चॉपर, एखाद्या गरीब गावात शिरून धुडगूस, मागे पोलीस, आणि वर गिटारचा खरखराट. पोस्टर बघून 'सेटन्स सॅडिस्ट्स' (१९६९) लावला, त्यात रस टॅम्ब्लिन आहे, तोच 'वेस्ट साइड स्टोरी'मधला, त्यामुळे म्हणलं निदान नट तरी बरा.

कसलं काय. सुरुवातीलाच एका जोडप्यावर अत्याचार आणि खून, आणि ते दाखवलंय असं की जणू गंमत चाललीये. आमच्यातली एक मैत्रीण उठून गॅलरीत गेली ती आलीच नाही. उरलेल्यांतले दोघं वाळवंटातल्या चालण्याच्या सीनला झोपले, एक जण मोबाईलमध्ये. टॅम्ब्लिन तो गोल गॉगल आणि टोपी घालून भाषण ठोकत होता आणि ऐकणारा मी एकटा.

तर प्रश्न असा की हा सगळा प्रकारच असला आहे की माझी निवड गंडली? माझी पाळी परत येतीये आणि मी हट्टाने परत बायकर पिक्चरच लावणार असं बोलून बसलोय. काय लावू? 'ईझी रायडर' सांगू नका, तो सगळ्यांनी बघितलाय.

---

जुनाट_प्रोजेक्टर

निवडच गंडली राव तुमची, पण प्रकारही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

थोडं मागे जाऊ. सगळ्याचं मूळ 'द वाइल्ड वन' (१९५३), मार्लन ब्रँडो ट्रायम्फवर, ली मार्विन हार्लेवर. १९४७ च्या ४ जुलैला कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात बायकरांनी जो गोंधळ घातला त्यावरून सुचलेला. आज बघितला तर अगदी सोज्वळ वाटतो, ब्रँडो चालवतोय आणि मागे रस्ता पडद्यावर पळतोय हे शेंबडं पोरही ओळखेल, पण ब्रिटनच्या सेन्सॉरने तो १९६७ पर्यंत अडवून ठेवला होता! मग खरी लाट आली १९६६ ला, रॉजर कॉर्मनच्या 'द वाइल्ड एंजल्स'ने. हिरो जॉर्ज चाकिरिस ठरला होता (तोही 'वेस्ट साइड स्टोरी'चाच, योगायोग बघा), पण त्याला फटफटी चालवता येईना म्हणून दुसऱ्या रोलसाठी घेतलेल्या पीटर फोंडाला पुढे आणलं. पिक्चर तुफान चालला आणि मग जो तो बायकर पिक्चर काढायला लागला, कारण खर्च कमी, पोरंटोरं हमखास येणार.

आता तुमचे दोघं का झोपले ते सांगतो. हे पिक्चर मुळात ड्राइव्ह-इनसाठी बनायचे. लोक गाडीत बसलेत, खिडकीला एक पत्र्याचा स्पीकर टांगलाय, पुढच्या सीटवर गप्पा, मागच्या सीटवर काय चाललंय ते विचारू नका, आणि एका तिकिटात दोन पिक्चर. म्हणजे निम्मं लक्ष देऊन बघायची वस्तू ती. त्यात बाईक पळवण्याचे सीन शूट करायला स्वस्त, आवाज रेकॉर्ड करायचा नाही, संवाद नाहीत, वरून गाणं टाकलं की पाच मिनिटं भरली. दिग्दर्शकाला लांबी भरायची होती हो, तुम्ही ते अंधार करून, फोन बंद ठेवून, एखाद्या कलात्मक सिनेमासारखं बघायला बसलात तर झोप येणारच. आमच्या ग्रुपमध्ये बाईकचा सीन लागला की बोलायची मुभा, तेव्हाच उठायचं, आणायचं, नेमकं तेव्हाच वाद घालायचे. माणसं बोलायला लागली की गप्प. मस्त चालतं.

आणि दुसरं, १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत जुनी सेन्सॉर आचारसंहिता जाऊन रेटिंग आलं. त्याआधीचे पिक्चर बरंच काही सुचवून सोडतात, नंतरचे दाखवतात. तुम्ही नेमका १९६९ चा उचललात.

माझं मत, 'वाइल्ड एंजल्स' लावा. डेव्ही ॲलनची ती फझ गिटार, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची, सुरू झाली की खोलीतला प्रत्येक जण मान हलवतो, हे मी स्वतः बघितलंय.

---

रात्रीची_गाडी

आमच्या ग्रुपमध्ये गॅलरीत जाणारी मीच, त्यामुळे तुमच्या मैत्रिणीच्या वतीने लिहिते.

प्रोजेक्टर यांचा प्रतिसाद छानच, पण 'वाइल्ड एंजल्स' लावा असं इतक्या सहज नका सांगू. त्यात शेवटी चर्चमधल्या दंग्यात हिरोच्या मेलेल्या मित्राच्या बायकोवर जे होतं ते १९६६ च्या मानाने आडून दाखवलंय एवढंच, होतं तेच. ती बायको म्हणजे डायान लॅड आणि मेलेला मित्र ब्रूस डर्न, हे दोघं तेव्हा खऱ्या आयुष्यात नवरा-बायको, लॉरा डर्नचे आईबाप. हे कळल्यावर मला तो सीन अजूनच बघवेना. या अख्ख्या प्रकारात बाई म्हणजे एकतर मागच्या सीटवरचं सामान नाहीतर कोणाच्यातरी सूडाचं कारण. हे माहीत असूनही मी बघते, मला आवडतात, पण आधी माहीत असलेलं बरं असतं. म्हणून नियम साधा, ज्याची पाळी त्याने आदल्या दिवशी एकट्याने बघायचा आणि ग्रुपवर एका ओळीत सांगायचं की अमुक आहे, चालेल का. मजा जात नाही हो त्याने. उलट सगळे तयारीत येतात.

तुमच्यासाठी माझ्याकडे एकच उत्तर आहे, 'सायकोमेनिया' (१९७३). ब्रिटिश आहे. 'द लिव्हिंग डेड' नावाची बायकरांची टोळी, डोक्यावर कवटीचं चित्र असलेली हेल्मेटं, आणि म्होरक्याला शोध लागतो की आपण परत येणारच अशी पक्की खात्री ठेवून आत्महत्या केली तर माणूस खरंच परत येतो. त्याची आई मांत्रिक टाईप, बेडकांचं काहीतरी प्रस्थ आहे, आणि घरातला बटलर म्हणजे जॉर्ज सँडर्स, ऑस्कर मिळालेला माणूस, त्याचा हा शेवटचा पिक्चर, रिलीज व्हायच्या आधीच गेला बिचारा. म्होरक्याला पुरतात तो फटफटीवर बसलेल्या अवस्थेत, एक जण गिटार घेऊन अगदी भावुक गाणं म्हणतोय आणि बाकीचे फुलं टाकतायत. पुढचं सांगत नाही, पण त्या क्षणी आमच्याकडे एक जण सोफ्यावरून खाली पडला होता.

'शी-डेव्हिल्स ऑन व्हील्स' (१९६८) पण बघा कधीतरी, 'मॅन-ईटर्स' नावाची बायकांची टोळी, रेस जिंकली की रांगेत उभ्या केलेल्या पुरुषांतून आपल्याला हवा तो निवडायचा. हर्शेल गॉर्डन लुईसचा, म्हणजे रक्त नळाच्या पाण्यासारखं आणि अभिनय शाळेच्या गॅदरिंगसारखा, पण त्यातल्या बायकांना गाड्या खरंच चालवता येतात.

---

चेन_ल्युब

सायकोमेनियाला +१, पण मला एक सांगायचंय, प्रत्येक पिक्चर फिदीफिदी हसायलाच लावायचा का? आमच्या ग्रुपची हीच सवय झाली होती, की जुना आणि स्वस्त म्हणजे टिंगल करायची, आणि त्यात दोन चांगले पिक्चर आम्ही वाया घालवले. 'हेल्स एंजल्स ऑन व्हील्स' (१९६७) घ्या. जॅक निकल्सन पेट्रोल पंपावरचा पोऱ्या, नाव पोएट, टोळीत शिरतो आणि हळूहळू कळतं की इथे आपलं काही खरं नाही. कॅमेरा लास्लो कोव्हाक्सचा, १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून पळून आलेला माणूस. दोनच वर्षांनी त्यानेच 'ईझी रायडर' शूट केला. गाड्या वळणावरून एकामागून एक येतात ते बघा, हे भरतीचं शूटिंग नाही, तो तिथे हात साफ करत होता. (शेवट मात्र असा धाडकन होतो की आम्हाला वाटलं फाईलच तुटली, रिवाइंड करून बघितलं, तर नाही, तेवढाच आहे.)

आणि वाइल्ड एंजल्सचा शेवट. कबरस्तानात मारामारी, पोलिसांचे सायरन जवळ यायला लागतात, सगळे गाड्या घेऊन पळतात आणि फोंडा एकटा मागे राहून मित्राच्या कबरीवर माती लोटत बसतो. त्याला जायला जागाच नाही. आम्ही दीड तास टवाळी करत होतो आणि तिथे कोणी बोललं नाही.

अवांतर: 'वाइल्ड एंजल्स'मध्ये हेल्स एंजल्स या खऱ्याखुऱ्या बायकर टोळीतले लोक घेतले होते आणि पिक्चर आल्यावर त्यांनी बदनामी झाली म्हणून कॉर्मनवर केस ठोकली, वर जिवे मारायची धमकी. कॉर्मन सांगायचा की मी त्यांना म्हणलं बाबांनो, मला मारलंत तर पैसे कोणाकडून वसूल करणार?

---

पंक्चर

एवढे सगळे लिहितायत आणि 'द लूझर्स' (१९७०) कोणीच नाही?? बायकरांना व्हिएतनाम युद्धात पाठवतात राव. यामाहा गाड्यांना चिलखत आणि बंदुका लावून कंबोडियात घुसतात, एका सीआयएवाल्याला सोडवायला. 'पल्प फिक्शन'मध्ये मोटेलच्या टीव्हीवर चालू असतो तो हाच. याहून जास्त काय पाहिजे

---

रात्रीची_गाडी

@चेन_ल्युब शेवट भारी आहे हे मान्य, मी कुठे नाही म्हणलं. पण त्या शवपेटीवरचा स्वस्तिकवाला नाझी झेंडा? आमच्याकडे त्यावर अर्धा तास भांडण झालं, पिक्चर राहिला बाजूला.

---

चेन_ल्युब

ते खरंय, त्याचं मलाही काही कौतुक नाही. त्या टोळ्यांमध्ये खरोखर मिरवायचे लोक ते. बरेचसे महायुद्धातून परत आलेल्यांनी आणलेल्या वस्तूंवरून सुरू झालेलं, नंतर निव्वळ सभ्य माणसांना झोंबावं म्हणून. पिक्चरात तर एक म्हातारा सैनिक त्यावरून त्यांना झापतोही. पण सगळ्यांना ते पचणार नाही हे बरोबर. अशांसाठी ऑस्ट्रेलियाचा 'स्टोन' (१९७४) लावा, तोही बायकर पिक्चरच, पण कावासाकी झेड-वन गाड्या आणि अंत्ययात्रेत शेकडो खरे बायकर हायवेवरून शांतपणे जातायत. त्यातला ह्यू कीज-बर्न पुढे 'मॅड मॅक्स'चा व्हिलन झाला.

---

फटफट्या

उशिरा लिहितोय, परवा झाला कार्यक्रम. सगळ्यांचे आभार, विशेषतः रात्रीची गाडी यांचे.

'सायकोमेनिया' लावला. आदल्या रात्री एकट्याने बघितला, खरं सांगायचं तर एकट्याने बघताना अधूनमधून बोअर झालं आणि मला वाटलं परत आपटणार. ग्रुपवर लिहिलं की आत्महत्या आहेत पण कार्टूनसारख्या, बाकी तसलं काही नाही, चालेल का, तर गॅलरीवाल्या मैत्रिणीचा पहिला रिप्लाय, 'चालेल, पण मी दाराजवळ बसणार'. बाईकच्या सीनला बोलायची मुभा हाही नियम लावला.

पुरायचा सीन आला. तो खड्ड्यात गाडीवर ताठ बसलाय, गाणं चाललंय, आणि दाराजवळून आवाज आला, 'अरे त्याने नाक खाजवलं तर?' बस. पुढचा अर्धा मिनिट कोणाला काही ऐकूच आलं नाही, आणि नंतर जेव्हा माती फाडून गाडी वर आली तेव्हा आमचा झोपाळू भिडू उभा राहून टाळ्या वाजवत होता. सीन मागे घेऊन तीनदा बघितला. दरवेळी तिने नाक बारकाईने तपासलं.

बाकी ते बेडकांचं नक्की काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत झेपलं नाही, कोणाला कळलं असेल तर सांगा. पुढची पाळी मैत्रिणीची आहे आणि तिने काहीही न सांगता 'शी-डेव्हिल्स' जाहीर केलाय. आम्हा चौघांना आधीच निरोप आलाय, रांगेत उभं राहायची प्रॅक्टिस करून या.

---

पंक्चर

लूझर्सचं काय झालं मग