मदत हवी आहे: जाहिरातीच्या फोटोवर मजकूर किती ठेवावा?

नमस्कार मंडळी. बहिणीच्या दिवाळी फराळाची फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात करायची आहे. तिला सगळं फोटोवरच हवंय: पदार्थांची यादी, किलोचे भाव, घरपोच सेवा, फोन नंबर. चकली दिसायला जागाच उरत नाही! फोटोवर २० टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर नको, हा फेसबुकचा नियम २०२० मध्येच गेला, त्यामुळे जाहिरात अडणार नाही. पण मोबाईलवर एवढं वाचणार कोण? मी म्हणते, फोटोवर दोन-तीन शब्द, बाकी कॅप्शनमध्ये. ती म्हणते, भाव दिसला नाही तर लोक पुढे सरकतात. कोणी दोन्ही करून पाहिलंय का? चौकशी कशाने वाढली? आणि स्टोरीत वर-खाली अक्षरं झाकली जातात, तिथे किती जागा सोडता? फॉन्ट सध्या बालू आहे, लहान आकारात मात्रा नीट दिसतील असा दुसरा असेल तर सुचवा.