मदत हवी आहे : वकिली सुरू करणाऱ्या भाचीला काय भेट द्यावी?

नमस्कार. माझी भाची यंदा एलएल.बी. उत्तीर्ण झाली असून, सनद हाती आल्यावर ती उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम सुरू करणार आहे. तिला साधारण पाच हजार रुपयांपर्यंतची भेट द्यावी असे मनात आहे. मात्र ती कपाटात पडून न राहता रोज उपयोगी पडावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

काळा कोट मापाविना शिवता येत नाही, आणि गाऊन तिचे वडील घेणार आहेत. पुस्तकांचे म्हणाल, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने फौजदारीची तिची जुनी पुस्तके बदलावी लागतील हे खरे. परंतु हे वकील प्रामुख्याने दिवाणी दावे चालवतात आणि १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता तिच्याकडे आहेच.

म्हणून बॅगेचा विचार पक्का होत आहे. डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीच्या लोकलने सीएसएमटी गाठायचे आणि तिथून भर पावसात फोर्टमधून चालत जायचे, तर फायली दुमडता कामा नयेत, गाऊन कोरडा राहिला पाहिजे आणि डब्याचे तेल कागदांना लागू नये. धारावीतील चामड्याची बॅग मुंबईच्या पावसात टिकते का, की जाड कापडाचीच घ्यावी? न्यायालयात नित्य जाणाऱ्यांनी, विशेषतः नवोदित महिला वकिलांनी, कृपया अनुभव सांगावा.