मदत हवी आहे: छोटा फोन दुसऱ्यांदा लांबला, थांबू की दुसरा घेऊ?

रानजाई
चार महिने एका फोनची वाट बघतेय. आधी तारीख जाहीर केली, मग ती पुढे ढकलली, आणि काल पुन्हा मेल आला की तांत्रिक कारणांमुळे अजून वेळ लागेल. या वेळी नवीन तारीखच दिलेली नाही. आगाऊ रक्कम भरून बसले आहे. हातातला फोन पाच वर्षांचा आहे. बॅटरी दुपारपर्यंत संपते, चार्जिंगला लावला की चांगलाच तापतो, मागचं झाकणही एका कडेने जरा सुटलंय. त्यामुळे फार थांबता येणार नाही. दुसरा कुठला घेऊ? मोठा फोन नको. लवकर सांगा, आठवड्याभरात काय ते ठरवायचं आहे.

दशमान
कुठल्या फोनची वाट बघताय? अँड्रॉइड की आयफोन? मोठा नको म्हणजे किती इंच? कॅमेरा महत्त्वाचा की बॅटरी? एवढ्या माहितीवर काय सुचवणार?

रानजाई
कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलं नाही, नाहीतर धागा त्या भांडणातच जाईल. अँड्रॉइड आहे. छोटा म्हणजे एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने सगळ्या स्क्रीनवर पोचता येईल असा. कॅमेरा बरा असला तरी पुरे.

नीलमोहर
थांबा. उशीर होतोय म्हणजे त्यांना काहीतरी दोष सापडलाय आणि ते तो दुरुस्त करताहेत. सॅमसंगचा घडीचा गॅलेक्सी फोल्ड आठवा. २६ एप्रिल २०१९ ला यायचा होता. परीक्षणासाठी दिलेल्या फोनचे पडदे आठवड्याच्या आत खराब झाले, म्हणून विक्री थांबवली. सप्टेंबरमध्ये आला तेव्हा वरचा संरक्षक थर कडेच्या आत नेला होता आणि बिजागरीच्या टोकांना टोप्या बसवल्या होत्या. एप्रिलमध्येच विकला असता तर घेणाऱ्यांचं नुकसान झालं असतं.

दशमान
नीलमोहर, तिथे दोष जगासमोर आला होता, म्हणून लोकांना कारण कळलं. इथे 'तांत्रिक कारण' यापलीकडे कंपनी एक शब्द बोलत नाही. पांढरा आयफोन ४ आठवतो? जून २०१० मध्ये काळ्यासोबत जाहीर झाला आणि २८ एप्रिल २०११ ला दुकानात आला. जवळजवळ दहा महिने. फोन तोच, फक्त रंग पांढरा. ज्यांनी वाट बघितली त्यांना पुढच्या मॉडेलला सहा महिने उरलेले असताना जुना फोन मिळाला. उशिराने आलेल्या फोनमधला प्रोसेसरही तेवढाच जुना झालेला असतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

नीलमोहर
आणि घाई केली की काय होतं ते सॅमसंगच्या नोट ७ ने दाखवलं. ऑगस्ट २०१६ मध्ये विक्री, बॅटरी पेटू लागल्या म्हणून सप्टेंबरमध्ये परत मागवले, बदलून दिलेलेही पेटले, ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद. मला उशीर चालेल.

दशमान
तुम्हाला चालेल हो. त्यांचा फोन दुपारी बंद पडतोय.

ओंजळ
रानजाई, इंचावर जाऊ नका, रुंदी बघा. अंगठा पोचतो की नाही हे रुंदीवर जास्त ठरतं. मी छोट्या फोनच्या शोधात बरीच वणवण केली आहे, म्हणून आकडे पाठ झालेत.

आयफोन १३ मिनी: ५.४ इंच, रुंदी ६४.२ मिमी, उंची १३१.५.
झेनफोन १०: ५.९ इंच, ६८.१ आणि १४६.५.
गॅलेक्सी एस२५: ६.२ इंच, ७०.५ आणि १४६.९, वजन १६२ ग्रॅम.

आता गंमत बघा. २०२२ चा आयफोन एसई फक्त ४.७ इंचांचा, पण रुंदी ६७.३ मिमी. म्हणजे स्क्रीन मिनीपेक्षा लहान आणि फोन मिनीपेक्षा रुंद, कारण स्क्रीन उंचीच्या मानाने रुंद आणि बाजूच्या पट्ट्याही जाड. नुसते इंच बघून घ्याल तर फसाल.

झेनफोन हातात सुरेख बसतो, हेडफोनचं गोल भोकही आहे, पण त्याला दोनच मोठे अँड्रॉइड अपडेट जाहीर झाले होते आणि तो २०२३ चा आहे. एस२५ ला सात वर्षांचे अपडेट आहेत. अँड्रॉइडच हवा असेल तर मी एस२५ कडे झुकेन. आणि आधी एक करा: जाड पुठ्ठा या मापांनी कापा, हातात धरा आणि वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा नेऊन बघा. दुकानात दोन मिनिटं फोन हाताळून हे कळत नाही, मी तसं करूनच चुकले.

फिरस्ता
घडीचा फोन का नाही घेत? मी फ्लिप वापरतो. खिशात एवढासा होतो.

ओंजळ
खिशात एवढासा, हातात नाही. झेड फ्लिप ६ उघडला की १६५ मिमी उंच होतो. त्यांना अंगठ्याने पोचायचं आहे.

फिरस्ता
बाहेरच्या छोट्या पडद्यावर बरीच कामं होतात. वापरून बघा, मग बोला.

मूळसंख्या
नवीन घेऊच नका. जुन्या फोनवर लिनिएजओएस टाका, म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी स्वयंसेवकांनी बनवलेली मोफत आवृत्ती. पाच वर्षांच्या फोनला नवं अँड्रॉइड मिळेल, हलका होईल, तापणंही कमी होईल. माझा तसाच चालू आहे.

दशमान
आणि बँकेची अ‍ॅप? त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप, उघडला की कित्येक अ‍ॅप चालायला नकार देतात. ज्यांना आठवड्यात निर्णय हवाय त्यांना हे सांगू नका.

मूळसंख्या
माझी बँक चालते. सगळ्यांचीच बंद पडते असं नाही.

रानजाई
रॉम (फोनची अशी दुसरी प्रणाली) वगैरे टाकणं जमणार नाही, तेवढा वेळच नाही. एक सांगायचं राहिलं. मुलगी सहा महिन्यांची आहे. दिवसातला बराच वेळ ती डाव्या हातावर असते, म्हणून सगळं उजव्या हाताने एकटीने करावं लागतं. त्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाकडे, दुखायला लागलंय. डॉक्टर म्हणाले अंगठा ताणू नका. म्हणून छोटाच हवा आहे. ओंजळ, पुठ्ठ्याचं आज रात्री करते. आभार.

हळदुली
अहो, हे आधी लिहायचं होतं! मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण बाळाला काखेत हात घालून, अंगठा बाहेर ताणून उचलणाऱ्या आयांमध्ये हे नेहमी दिसतं. डी क्वेर्वेन म्हणतात त्याला, अंगठ्याकडे जाणाऱ्या दोन स्नायुबंधांचं आवरण सुजतं. बाळाला उचलताना हात ओंजळीसारखा खालून घाला, मनगट सरळ ठेवा. अंगठ्यासकट आधार देणारा पट्टा मिळतो, तो डॉक्टरांना विचारून बांधा. फोन छोटा घेतलात तरी अंगठ्याने टाइप करणं कमी करा, बोलून लिहा.

ओंजळ
अँड्रॉइड १२ पासून एका हाताने वापरायची सोयही आहे. सेटिंगमध्ये चालू केली की बोट खाली ओढताच स्क्रीनचा वरचा भाग खाली येतो. कीबोर्डही एका बाजूला सरकवता येतो.

खटपट्या
सगळे फोनच्या मापावर बोलताय. पहिली पोस्ट परत वाचा. "मागचं झाकण एका कडेने सुटलंय", "चार्जिंगला लावला की तापतो". रानजाई, फोन पडला होता का कधी? आणि रात्री कुठे ठेवता?

रानजाई
नाही, पडलेला नाही. झाकण महिनाभरापासून हळूहळू सुटतंय, मला वाटलं डिंक सुकला असेल. कव्हर घातलं की बसतं. रात्री उशीजवळ चार्जिंगला असतो, मुलीला झोपवायला पावसाचा आवाज लावते म्हणून.

खटपट्या
आत्ता चार्जर काढा. फोन बंद करा. कव्हर काढा आणि झाकण अजिबात दाबू नका. बॅटरी फुगली आहे असं मी नव्वद टक्के धरून चालतो. दुरुस्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. न पडलेल्या फोनचं झाकण आपोआप उचललं जातं तेव्हा आतून काहीतरी ढकलत असतं. लिथियम बॅटरी जुनी झाली की आतला द्रव विघटित होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. कव्हर घालून ते दाबलं जातं, ते तर आणखी वाईट. टोचली किंवा वाकली तर आतल्या आत शॉर्ट होऊन पेटू शकते.

फोन अंथरुणापासून दूर, फरशीवर ठेवा, आजूबाजूला कागद-कापड नको. उद्या अधिकृत सेवा केंद्रात न्या आणि फोन त्यांच्या हातात देताना फुगल्याचं आधीच सांगा. स्वतः उघडू नका. कचऱ्यात टाकू नका.

नीलमोहर
हे माझ्या नजरेतून सुटलं. रानजाई, बाकी सगळं नंतर.

मूळसंख्या
माझा सल्ला मागे घेतो. फुगलेल्या बॅटरीवर रॉम टाकण्यात काही अर्थ नाही.

रानजाई
बंद केला. सज्जात फरशीवर ठेवलाय. नवऱ्याच्या फोनवरून लिहितेय. मला खरंच माहीत नव्हतं. महिनाभर तो तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता.

रानजाई (तीन दिवसांनी)
बॅटरी फुगलीच होती. केंद्रातल्या मुलीने उघडल्यावर दाखवली, मधोमध उशीसारखी झाली होती. नवी बसवली, जुनी त्यांनी ठेवून घेतली. फोन आता संध्याकाळपर्यंत टिकतो आणि तापत नाही. रात्री चार्जिंग बैठकीत, आणि पावसाच्या आवाजाला वेगळा स्पीकर आणला.

पुठ्ठे कापून दोन दिवस वापरले. मिनीच्या मापावर अंगठा सगळीकडे आरामात पोचतो, पण माझं सगळं अँड्रॉइडवर आहे आणि तो २०२१ चा फोन आहे. एस२५ च्या मापावर वरचा डावा कोपरा राहतो, बाकी जमतं. स्क्रीन खाली ओढायची सोय जुन्या फोनवर चालू करून बघितली, तिने तो कोपराही येईल. ज्याची वाट बघत होते त्याची रुंदी जाहिरातीत ६९ मिमी आहे. दीड मिलीमीटरसाठी मी चार महिने बसले होते, हे पुठ्ठ्यानेच कळलं. नोंदणी रद्द केली, रक्कम परत आली की एस२५ घेईन. हळदुली, उचलायची पद्धत बदलली, पट्टाही आणला.

नीलमोहर
मी असते तर थांबले असते, पण तुमचं पटलं.

पाऊलवाट
बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं. हा धागा वाचून कपाटातला जुना फोन काढला. टेबलावर ठेवून बोटाने ढकलला तर भोवऱ्यासारखा फिरतोय, पाठ सपाट राहिलेलीच नाही. चार्ज करून आतले फोटो काढता येतील का?

खटपट्या
नाही, चार्ज करू नका. तसाच केंद्रात न्या. बॅटरी बदलून झाली की फोटो निघतील. कपाटातून काढलात ना? परत आत ठेवू नका.