मदत हवी आहे : तीन पायऱ्या आणि वकिलाची नोटीस
नमस्कार मंडळी. नाशिकला कॉलेज रोडवर माझं मिसळीचं छोटं हॉटेल आहे. जागा भाड्याची, इमारत जुनी, दारात तीन पायऱ्या. गेल्या आठवड्यात व्हीलचेअरवरच्या एका गिऱ्हाइकाच्या वकिलाची नोटीस आली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016. कलम 46 खाजगी सेवा देणाऱ्यांनाही लागू, कलम 89 खाली पहिल्यांदा 10,000 रुपयांपर्यंत दंड, पुढे 50,000 ते 5 लाख. वाचून घाम फुटला. पण त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. माझ्याच आईला त्या पायऱ्या चढवत नाहीत.

घोडं अडलंय मापात. तीन पायऱ्यांची उंची दीड फूट. उतार 1:12 हवा (एक फूट उंचीला बारा फूट लांबी), म्हणजे 18 फुटांचा रॅम्प! माझ्या दारापुढे जागा पाच फूट, पलीकडे फुटपाथ. तिथे बांधलं तर अतिक्रमण. मालक म्हणतात, तुमचं तुम्ही बघा.

वळणाचा रॅम्प किंवा व्हीलचेअरची छोटी लिफ्ट कुणी बसवलीय का? खर्च किती आला, आणि भाडेकरूने केला की मालकाने? नोटिशीच्या उत्तरात मुदत मागितलेली चालते का? अशा कामातला वकील किंवा आर्किटेक्ट माहीत असेल तर प्लीज मेसेज करा.